तोनेर ते दिजाँ, सात दिवस

तोनेर, ३ फेब्रुवारी

ब्लांदीन,

अकरा वर्षांनी बहिणीला लिहिताना नावामागे कोणते विशेषण लावावे हे न सुचल्यामुळे नुसते नाव लिहिले आहे. हस्ताक्षर ओळखून पाकीट न फोडता बाजूला ठेवले नसशील, असे धरून पुढे लिहिते.

विचारायचे ते आधीच विचारते. मे महिन्यात एक आठवडा तू माझ्याबरोबर आणि आईबरोबर नावेवर येशील का?

आईला एकदा बरगंडीच्या कालव्यावरून न्यायचे ठरवले आहे. तिने ब्याऐंशी पूर्ण केली. वडिलांची मालनौका तोडायला गेली त्या दिवसापासून तिने कालव्यावर पाऊल ठेवलेले नाही. तो दिसतो रोज. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून जलद्वाराचा एक दरवाजा आणि अर्धा पूल दिसतो, आणि ती खुर्ची ओढून तिथे बसते. तिची प्रकृती वयाच्या मानाने बरी आहे. आधाराची चालायची चौकट धरून घरातल्या घरात चालते.

भाड्याने सहलीच्या नावा मिळतात. त्यांना परवाना लागत नाही. माणसे मात्र दोन लागतात. एकाने सुकाणूवर राहायचे, दुसऱ्याने जलद्वारात पाणी भरून नाव वर उचलली जाण्याआधी शिडी चढून वरच्या खुंट्याला दोर गुंडाळायचा. शिडी मला चढता येणार नाही. दोन हिवाळ्यांपासून माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. आईला टबातून उचलताना काहीतरी झाले, मग ते तसेच राहिले.

बेत सोबत जोडला आहे. शनिवारी १४ मे रोजी तोनेरहून निघायचे, सातव्या दिवशी दिजाँ. वाटेत दीडशे जलद्वारे आहेत. वडील दिवसाला पंचवीस काढत असत. म्हणजे सहा दिवस, आणि डोंगराखालच्या बोगद्यासाठी एक. बरोबर न्यायच्या सामानाची यादीही मागच्या बाजूला आहे. दिजाँचे बंदर तुझ्या घरापासून पायी पंधरा मिनिटांवर आहे असे नकाशात दिसते, तेव्हा परतीचा तुला काहीच त्रास नाही.

आर्मां यांना नमस्कार.

नोएल

तोनेर, २१ फेब्रुवारी

ब्लांदीन,

तुझे उत्तर आले नाही. टपालाची चूक असेल असे मी तीन दिवस मानले, त्यानंतर मानणे सोडले. तरीही नाव ठरवून आले, कारण मेमधल्या नावा मार्च उजाडायच्या आत संपतात.

नावा भाड्याने देणारा फाब्रीस नावाचा तिशीतला मनुष्य आहे. आईला चाकांच्या खुर्चीतून धक्क्यावर नेले. तिने पांढऱ्या नावेकडे बराच वेळ पाहिले आणि त्याला विचारले, "ही तरंगते का, की नुसती धुवायची?"

तो समजूतदार आहे. म्हणाला, आत स्वयंपाकघर आहे, फ्रिज आहे, दोन न्हाणीघरे आहेत.

"दोन? आम्ही चौघं एका बादलीत मोठे झालो. बरं, माल कुठं ठेवतोस?"

"माल नसतो, मादाम. माणसं असतात."

"मग भाडं कोण देतं?"

"माणसंच देतात."

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंस? माल स्वतःच चढतो, स्वतःच उतरतो आणि वर भाडंही तोच भरतो. तुझ्या बापाला हे सुचायला हवं होतं." आणि हसली. नाताळानंतर ती प्रथमच हसली, म्हणून तुला कळवले.

दुसरे माणूस कोण, हे फाब्रीसला कागदावर भरून द्यायचे होते. मी तुझे नाव भरले आहे. नको असेल तर खोडता येते.

नोएल

तोनेर, ९ मार्च

ब्लांदीन,

पाकिटात पत्र नव्हते. माझाच बेत होता, लाल शाईने तपासलेला. चौतीस वर्षे गणित शिकवलेल्या बाईला उत्तरपत्रिका पाठवली की दुसरे काय होणार. समासात तू लिहिले आहेस: "जलद्वारे उघडी नऊ ते बारा, एक ते सात. दिवसाला बारा जलद्वारे, तीही सगळे सुरळीत असेल तर. दीडशे भागिले बारा. सात दिवस नव्हेत, तेरा. माहितीपत्रक नगरपालिकेत फुकट मिळते."

मी ते माहितीपत्रक आणले नव्हते. आणावे असे वाटलेच नाही. नावेवर वाढलेल्या कोणालाही ते वाटले नसते; आपण तर वेळ दिवसांत न मोजता जलद्वारांत मोजत आलो. मावशीचे लग्न "इथून चाळीस जलद्वारांवर" झाले होते आणि मी जन्मले ती बातमी वडिलांना "अठरा जलद्वारे उशिरा" कळली, असेच घरात बोलले जाते. सकाळी साडेसहाला पहिला दरवाजा उघडणार आणि अंधार पडेपर्यंत उघडत राहणार, हे मी सूर्यासारखे गृहीत धरले. ते जलद्वार माझ्या खिडकीसमोर आहे. रोज बारा वाजता तिथला राखणदार दरवाजा बंद करून जेवायला जातो, हे मी वर्षानुवर्षे पाहते आहे. पाहूनही बेतात धरले नाही.

त्या राखणदाराला खाली जाऊन विचारले. तो आता एकटा नसतो. मोटारसायकलीवरून पाच-सहा जलद्वारे सांभाळतो. तुझे गणित बरोबर आहे म्हणाला. आई खिडकीतून ऐकत होती. तिने वरून विचारले, "तासभर जेवता तुम्ही?"

"हो, मादाम. बारा ते एक."

"तुझ्या जागी आधी जी बाई होती ना, ती एका हातात काटा घेऊन दुसऱ्या हातानं दरवाजा फिरवायची."

"म्हणून ती लवकर गेली, मादाम," तो म्हणाला. दुपारभर आई घुश्श्यात होती आणि संध्याकाळचे सूप तिने परत पाठवले.

तू लाल शाईत शेवटी दोन प्रश्न विचारले आहेस. ते मी वाचले आहेत. उद्या लिहिते.

नोएल

तोनेर, १६ मार्च

ब्लांदीन,

उद्याचा आठवडा झाला, क्षमस्व.

पहिला प्रश्न: प्रवास दिजाँलाच का संपायला हवा? वडिलांची नेहमीची फेरी तिथे संपत असे, म्हणून. गव्हाची पोती तिथे उतरवत.

दुसरा प्रश्न: मे महिन्याच्या सात दिवसांच्या सहलीला आईचा लोकरी कोट, तीन जोड हिवाळी मोजे, डॉक्टरांची सगळी कागदपत्रे आणि वडिलांची चौकटीतली तसबीर कशासाठी? बरगंडीत मेमध्येही पहाटे गारठा असतो. बाकीच्याचे आत्ता आठवत नाही. यादी घाईत केली होती.

आई हाक मारते आहे. थांबते.

नोएल

तोनेर, २४ मार्च

ब्लांदीन,

माझे मागचे पत्र खोटे होते. गव्हाची पोती खरी आहेत, पण त्यांचा या गोष्टीशी संबंध नाही.

माझा बेत असा होता. सातव्या दिवशी दिजाँच्या धक्क्यावर नाव लागेल. जवळच्या उपाहारगृहात आपण तिघी कॉफी घेऊ. त्यानंतर मी घड्याळ पाहून म्हणेन की माझी गाडी वीस मिनिटांनी सुटते. आईची पेटी तोवर तुझ्या दारात पोहोचलेली असेल. तू रस्त्यावर आवाज चढवणारी नाहीस, आईसमोर तर नाहीच, यावर मी विसंबून होते. तुझ्या सभ्यपणाचा मी जलद्वारासारखा उपयोग करणार होते: आत घ्यायचे, मागचा दरवाजा मिटायचा, मग वर उचलले जाण्यावाचून नावेला गत्यंतर नसते.

आईने कालव्यावर जायची इच्छा कधीच बोलून दाखवली नाही. ती इच्छा माझी होती, आणि तीही कालव्याची नव्हती.

मी थकले आहे, ब्लांदीन. याहून चांगला शब्द शोधायचा प्रयत्न केला. ग्रंथालयातले काम आता आठवड्याला दोन सकाळींपुरते उरले आहे. त्या दोन सकाळी मी पुस्तकांच्या मांडणीमागे स्टुलावर बसते आणि कोणी काही मागू नये अशी प्रार्थना करते. आईची प्रकृती बरी नाही. ती चौकटीनेही चालत नाही. तिला उठवणे, बसवणे, धुणे, भरवणे हे सगळे माझ्याकडे आहे, आणि प्रत्येक वेळी ती नावेवर असल्यासारखे सांगते की मी दोर चुकीचा धरला आहे. वृद्धाश्रमाचा अर्ज दोनदा भरला. दोन्ही वेळा सहीच्या जागेशी आल्यावर तुला शाळेत पाठवले होते तो दिवस आठवला. तू सहा वर्षांची होतीस, आणि खलाशांच्या मुलींच्या त्या निवासी शाळेच्या अर्जावरही कोणीतरी सही केलीच असेल. आपल्या घरात पुन्हा कोणाला असे पाठवायची माझी छाती झाली नाही. म्हणून तुझ्या दारात सोडायचे ठरवले. त्यातला विसंगतपणा मला दिसतो. मुद्दाम दाखवू नकोस.

आता लिहितेच आहे तर आणखी एक.

अकरा वर्षांपूर्वी वडिलांच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणात आई म्हणाली होती, "आधी जमिनीवरच्या पाहुण्यांना वाढा." तुझ्याकडे आणि आर्मांकडे पाहून म्हणाली. टेबलाभोवती सगळे नावेवरचे होते, आणि सगळे हसले. तू कोट घातलास आणि निघून गेलीस. मी मान खाली घातली होती, आणि ती लाजेने घातली असे तुला वाटले असावे. मी हसत होते. हसू दिसू नये म्हणून मान खाली घातली होती. मला नावेवर ठेवून घेतले आणि तुला पाठवले, याचा मला त्या क्षणी एक गलिच्छ आनंद झाला. तो पुढे फार दिवस टिकला नाही, पण झाला होता.

या पत्रानंतर तू यायची नाहीस हे समजून लिहिते आहे. फाब्रीसला एप्रिलच्या अखेरीपर्यंत कळवले तरी चालते.

नोएल

तोनेर, २० एप्रिल

ब्लांदीन,

काल तू न कळवता आलीस, पावणेदोन तास थांबलीस आणि न जेवता गेलीस. त्यातला एक तास तू मला घराबाहेर काढले होतेस. मी औषधांच्या दुकानात दंतमंजनांच्या फळीसमोर उभी होते. दुकानदारीण दोनदा येऊन काय हवे विचारून गेली. परतले तेव्हा तू जिना उतरत होतीस.

जिन्यात तू जे म्हणालीस ते मी अजून नीट ऐकलेलेच नाही असे वाटते, म्हणून लिहून पाहते. तू म्हणालीस, "आठवडा मी नेते तिला. मी आणि आर्मां. तू यायचं नाहीस."

मी म्हणाले की बेत माझा आहे.

"बेत तुझाच राहू दे. तू झोप." मग खालच्या पायरीवरून म्हणालीस, "दिजाँ नाही. व्हेनारेपर्यंत. चाळीस जलद्वारं, दिवसाला सात, ब्याऐंशीच्या बाईला तेवढी पुरेत. व्हेनारेला स्टेशन आहे. शनिवारी गाडीनं येऊन तिला घेऊन जायचं. आठवडा म्हणजे आठवडा, नोएल. पुढचं मी काही बोललेले नाही."

मी मान डोलावली असावी.

तुझ्यानंतर काय झाले ते तुला माहीत असायला हवे. मी आईला खिडकीशी बसवले. ती तुझी मोटार पुलावरून जाईपर्यंत बघत होती.

"गेली?"

"हो."

"जेवली?"

"नाही."

"बघ," आई म्हणाली. "पाहुणी असती तर जेवून गेली असती."

ती बराच वेळ काचेवर बोट फिरवत बसली. मग, मी काहीही विचारलेले नसताना, सांगू लागली. तुला शाळेत सोडले त्या दिवशी ती धक्क्यावरून नावेवर परत आली आणि नाव सुटल्यावर सहा महिने वडिलांशी बोलली नाही. जलद्वारात दोर टाकण्यापुरते ओरडणे तेवढे होते, कारण त्यावाचून नाव फुटली असती. माझी वेळ आली तेव्हा शाळेच्या माणसाला तिने माझे वय दोन वर्षे कमी सांगितले. पुढच्या खेपेला पुन्हा कमी सांगितले. "दोनदा नाही जमलं असतं मला," ती म्हणाली. "एकीला सोडलं ना, तेवढंच झेपलं."

तू अठ्ठावन्न वर्षे असे समजत आलीस की मला ठेवले कारण मी हवी होते. मीही तसेच समजत होते. माझी समजूत गेल्याचे मला फारसे वाईट वाटले नाही. तिच्यापायी मी बरीच वर्षे बरेच उचलले आहे.

हे तुला कळव असे आई म्हणाली नाही. कळवू नको असेही म्हणाली नाही.

रेल्वेतल्या जावयाबद्दल, म्हणजे आर्मांबद्दल, तिचे मत बदललेले नाही. मालाची वाहतूक आगगाडीने पळवली, आणि मुलगीही आगगाडीनेच पळवली, हे ती अजून जोडीने सांगते. "तो नाव चालवणार? डावीकडे वळ म्हटलं तर रुळाचा सांधा बदलायला खाली उतरेल." तरीपण त्याचा बुटांचा नंबर तिने विचारून घेतला आहे. ओल्या दगडावर घसरू नये असे रबरी बूट फाब्रीसकडे मिळतात.

औषधांचा तक्ता करून देते. सकाळच्या पांढऱ्या गोळीबरोबर दूध देऊ नये.

नोएल

तोनेर, १८ मे
मार्फत: राखणदार, जलद्वार ६४, मोंबार

ब्लांदीन,

पाकिटावर असा पत्ता फार वर्षांनी लिहिला. नावेवरच्या माणसांना पत्रे अशीच पोहोचत, हे नव्या राखणदारांना माहीत असेल का अशी शंका होती. आमचा राखणदार म्हणाला, "द्या इकडे, सहकाऱ्याच्या डिकीतून जाईल." तेव्हा उद्या सकाळी मोंबारच्या दरवाज्यात तुमची नाव वर चढत असताना हे तुझ्या हातात पडेल.

तुझी चिठ्ठी त्याच्याच हाती काल मिळाली. पुन्हापुन्हा वाचली. आईने आर्मांना दोर गुंडाळायला शिकवले, आणि तो ते तिच्या मनासारखे करीपर्यंत राखणदाराला दरवाजा मिटू दिला नाही. ती त्याला "रेल्वे" अशी हाक मारते आणि तो ओ देतो. तुला तिने सुकाणूवर बसवले आणि म्हणाली, "हळू. तू भरलेली आहेस असं समज." तू लिहितेस की माल भरलेली नाव जड चालते, थांबायलाही तिला वेळ लागतो, एवढाच तिचा अर्थ होता, तरी तुला थोडा वेळ समोरचे दिसले नाही. दोन-तीनदा ती तुला नोएल म्हणाली. ते तू मनाला लावून घेतले नाहीस म्हणतेस. माझी आठवण तिने काढली नाही, हेही तू लिहिले आहेस. आपल्या दोघींत खरे लिहिण्याची सवय आता लागलीच आहे.

त्या ओळीने मला दुखायला हवे होते. मला हायसे वाटले. मग अर्धा तास रडू आले, आणि मग झोप.

गेल्या चार दिवसांत मी बहुतेक झोपलेच आहे. शनिवारी तुमची नाव पुलाखालून गेली, मी वर आले आणि बुटांसकट आडवी झाले. उठले ती रविवारी दुपारी. सोमवारी पाव आणायला गेले आणि घाई नसल्यामुळे चुकीच्या रस्त्याने परतले. मंगळवारी एक पुस्तक पहिल्या पानापासून चाळीसाव्या पानापर्यंत कोणीही हाक न मारता वाचले. आज खांद्याच्या डॉक्टरांकडे गेले. हे दुखणे किती दिवसांचे, असे त्यांनी विचारले. दोन वर्षांचे म्हटल्यावर आधी का आला नाहीत, असे विचारले. मी कारण सांगू लागले आणि मध्येच थांबले, कारण ते मलाच फार लांबलचक वाटले. हाताला तीन आठवडे पूर्ण विश्रांती सांगितली आहे. काहीही उचलायचे नाही.

चिठ्ठीच्या शेवटी तू विचारले आहेस की शनिवारी मी व्हेनारेला किती वाजता पोहोचते.

मी दुपारभर या प्रश्नासमोर बसले. पहिल्यांदा मनात आले ते असे: डॉक्टरांचा कागद पाकिटात घालावा, वर काही लिहू नये, आणि तुलाच त्यातून अर्थ काढू द्यावा. तू यादीतून लोकरी कोट हेरलास, कागदही वाचला असतास. मग कागद बाहेर काढला. तो इथेच टेबलावर आहे.

शनिवारी मला यायचे नाही, ब्लांदीन. तिला आणखी तीन आठवडे तुझ्याकडे ठेव. नावेवर नाही जमले तर घरी ठेव. तीन आठवड्यांनंतर आपण दोघींनी मिळून त्या अर्जाकडे बघू, आणि सही करायची झाली तर दोघींनी करू, तिला समोर बसवून. तुला "आठवडा म्हणजे आठवडा" म्हणायचा पूर्ण हक्क आहे, तू ते जिन्यात स्वच्छ सांगितले होतेस. तरीही मागते. फेब्रुवारीत पहिल्याच ओळीत हे मागायला हवे होते. मला मागता आले नाही, म्हणून एवढा मोठा कालवा मधे घातला.

तुझे उत्तर नाही असेल तर मी दहा चाळीसच्या गाडीने येते. बाराच्या आत धक्क्यावर असेन आणि एक शब्दही बोलणार नाही. तिकीट काढून ठेवले आहे. ते वापरायचे की नाही एवढेच राखणदाराजवळ सांग. तो जेवायला जायच्या आत.

नोएल